दत्तोबाची अंदमानची बांधाबांध

लासुर्ण्याच्या दत्तोबाला जन्मात एकदाच लांबच्या प्रवासाची बॅग भरायची वेळ आली, आणि तीही बाळंतिणीसाठी. ज्या माणसानं स्वतःचा सदरासुद्धा बायकोला विचारून शोधला, त्याच्यावर देवानं ही पाळी आणावी, याला काय म्हणायचं?

झालं होतं असं. दत्तोबाची एकुलती एक लेक राजेश्वरी. जावई विशाल अंदमानात बंदरावर नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा आपल्याकडचा रिवाज, म्हणून सातव्या महिन्यात तिला आणायचं ठरलंही होतं. पण तिचा रक्तदाब वाढला आणि तिथल्या डॉक्टरनं विमानात बसायचं नाही म्हणून बजावलं. "तुला माहेरी येता येत न्हाय, तर माहेर तुझ्याकडं यील," असं दत्तोबा फोनवर मोठ्या तोऱ्यात बोलून गेला. फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की माहेर म्हणजे आता आपण एकटेच. बायको मुक्ताबाई काविळीनं गेली त्याला चार वर्षं झाली. पळसदेवच्या विहीणबाई खुब्याचं ऑपरेशन होऊन खाटेवर. भावजय छबूबाईनं गावातली निम्मी बाळंतपणं केलेली, पण तिची स्वतःची सून त्याच महिन्यात मोकळी व्हायची. राहता राहिला दत्तोबा. उसाला पाणी कसं द्यायचं हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तान्ह्या बाळाची मान कशी धरायची हे मात्र त्याला जागेपणीही ठाऊक नव्हतं.

त्याच्या काळी बाप्या माणसानं बाळंतिणीच्या खोलीत डोकावायची सोय नव्हती. राजेश्वरी झाली तेव्हा त्यानं बाहेरून फक्त ओव्याच्या धुरीचा वास घेतला होता. आत काय चालतं ते बायकांना माहीत. एकदा तरी चोरून बघून ठेवायला हवं होतं, असं आता त्याला वाटायला लागलं.

मग छबूबाईनं सूत्रं हातात घेतली. पौष महिना, गावात हुडहुडी भरलेली, दिवस उगवला तरी माणसं शेकोटी सोडायला तयार नाहीत. "पौषातली बाळंतीण म्हंजी काचंचं भांडं, भावजी," ती म्हणाली. "वारं लागलं की जल्माचं दुखणं." तिनं सांगावं आणि यानं आणावं. बाळाला गोधड्या, कानटोप्या आणि लोकरीचे मोजे. बाळंतिणीला पूर्ण बाह्यांचा स्वेटर आणि कान बांधायला मऊ फडकी. बाळंतशोपा, ओवा, डिंकाचे लाडू. आणि बाजेखाली ठेवायला लोखंडी शेगडी.

"अन् कोळसं, वयनी?"

"तेबी न्या की! तितं चौफेर पाणी. वाळल्याला कोळसा कुठं घावायचा?"

हे दत्तोबाला फारच पटलं. त्यानं बाभळीचा कोळसा निवडून, पोत्यात बांधून आणला.

राजेश्वरीचा फोन आला. "आबा, हितं थंडी न्हाय. आमी पंखा लावून झोपतो. काय आणू नगा, तुमी नुसतं या."

दत्तोबानं छबूबाईकडं बघितलं. ती म्हणाली, "पोरी असंच म्हंत्यात. बापाला वझं नगं म्हणून."

तेही पटलं. कारण या सगळ्या प्रकरणात थंडी ही एकच गोष्ट अशी होती, जी दत्तोबाला पक्की ठाऊक होती. पाण्याच्या पाळीला वीज रात्रीचीच यायची, आणि पौषात उसाच्या सरीत उभं राहून पोटऱ्या बधिर झाल्या की माणसाला आपले पाय आपलेच आहेत की नाहीत हे चाचपून बघावं लागायचं. त्यानं उभा जन्म असे पौष काढले होते. "पौष त्यो पौष. बेटावर गेला म्हणून काय चैत हुतुया?" असं म्हणून त्यानं स्वतःची घोंगडीही वर कोंबली. ऐकावं जनाचं, करावं मनाचं, असं म्हणतात. पण बाळंतपणाच्या बाबतीत त्याच्या मनाला काही म्हणायचंच नव्हतं, तेव्हा तो जनाचंच ऐकत राहिला. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. पोरीला या दिवसांत आईची उणीव जाणवू नये, एवढंच त्याला पाहिजे होतं. ते बॅगेत कसं भरायचं, हे काही कुणी सांगत नव्हतं.

मुलगी झाल्याचा फोन आला आणि छबूबाईचा ज्ञानेश त्याला गाडीत घालून पुण्याच्या विमानतळावर घेऊन गेला. तिथं सामान काट्यावर ठेवलं तर ते ठरल्याच्या दुप्पट भरलं. "काका, काहीतरी कमी करावं लागेल," काउंटरवरची मुलगी म्हणाली. दत्तोबानं सगळ्या लोकांसमोर फरशीवर बसून बॅग उघडली. काय कमी करावं? गोधडी काढावी तर बाळ गारठणार. लाडू काढावेत तर बाळंतिणीच्या अंगात ताकद कुठून येणार? शेवटी त्यानं आपली धोतरं, सदरे, घोंगडी, सगळं काढून ज्ञानेशच्या हातात दिलं. तेवढ्यात वर्दीतल्या एका तरण्या पोरानं पोत्याला हात लावला.

"बाबा, यात काय आहे?"

"कोळसा."

"कोळसा? कशाला?"

आता या परक्या पोराला बाजेखालची शेगडी कशी समजावून सांगायची? "लेक बाळंत झालीया," एवढंच दत्तोबा म्हणाला. पोरगा हसला नाही. त्यानं हात जोडले आणि कोळसा विमानात चालत नाही म्हणून सांगितलं. शेगडी विमानात गेली, कोळसा मागं राहिला.

अंदमानला विमानाचं दार उघडलं आणि अंगावर भिजल्या फडक्यासारखी ऊनऊन हवा आली. दत्तोबाच्या अंगात स्वेटर, गळ्यात मफलर. जिन्यावरून उतरेपर्यंत तो घामानं निथळला. घ्यायला आलेला विशाल अर्ध्या चड्डीत होता. पाया पडून तो पहिलं वाक्य बोलला ते असं : "आबा, आधी स्वेटर काढा."

राजेश्वरी पातळ गाऊनमध्ये पंख्याखाली पडली होती. बाळ एका सुती फडक्यात. बघायला आलेल्या नर्सबाईंनी शेगडी बघितली आणि मुकाट्यानं उचलून गॅलरीत ठेवली. कानटोपी घालायची नाही, बाळाला घामोळं येईल, असं त्यांनी हिंदीत तीनतीनदा बजावलं. लाडवांचं तूप सुटून गोधड्यांवर डाग पडले होते. राजेश्वरी एकेक वस्तू बघत गेली आणि हसली. "येवढं कशाला आणलं, आबा?" दत्तोबानं डागाळलेली गोधडी उलटी घडी करून ठेवली. घालायला कपडा नव्हता, म्हणून जावयाचा टी-शर्ट घालून तो कोपऱ्यात बसला. त्यावर मोठं नारळाचं झाड छापलेलं होतं.

संध्याकाळी विशाल कामावर गेला. बाळ रडायला लागलं. राजेश्वरी पाजायला बसली, म्हणून दत्तोबा गॅलरीत जाऊन शेगडीशेजारी टेकला. बाळाचं रडणं थांबेना. मधूनच राजेश्वरी दातांवर दात दाबून कण्हायची. काय झालंय ते त्याच्या ध्यानात आलं. दूध दाटलं होतं. म्हशीची कास अशी दाटली, की तो कोमट पाण्यानं शेकून, हलक्या हातानं चोळून ती मोकळी करायचा. पण पोटच्या पोरीला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मुक्ताबाई असती तर एव्हाना पाणी तापलं असतं. तो उठला, स्वयंपाकघराकडं निघाला, परत बसला. आपण इतक्या लांब आलो ते गॅलरीत बसायला, असं वाटून त्याला स्वतःचाच संताप आला.

तेवढ्यात आतून कळवळून आवाज आला : "आई गंऽऽ!"

"आलो, आलो!" म्हणत दत्तोबा पडदा सारून आत शिरला.

राजेश्वरीनं झटकन पदरासारखं फडकं ओढून घेतलं. घामानं आणि आसवांनी तिचं तोंड भिजलं होतं. मांडीवर पोर लालबुंद होऊन ओरडत होती.

"तुमाला न्हाय हाक मारली, आबा," ती म्हणाली, आणि हमसून हमसून रडायला लागली.

दत्तोबा तिथंच उभा राहिला. हात कुठं ठेवावेत, ते त्याला कळेना.

"म्हाईत हाय, पोरी," तो म्हणाला. "पर आलोय त्यो मीच."