राठोड, खाली बस

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. चार माणसं एका खोलीत बसून एकाच गोष्टीत पुन्हा पुन्हा हरत राहिली की ते आपोआप साचतात, माझ्या दुकानातल्या जुन्या चार्जरसारखे. फेकायला जीव होत नाही आणि एक ओढला की चार बाहेर येतात. त्यामुळं कुणाच्या लग्नात पंगत लागायला उशीर झाला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "गजूभाऊ, थो सायबाचा किस्सा सांगा ना."

साहेबांचा किस्सा शेवटी. आधी खोली समजून घ्या.

वणीत राजूर रोडला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत राठोड राहायचा, आईला घेऊन. बाप तांड्यावर शेती बघायचा आणि हा इथं शिकवण्या घेत मास्तरकीच्या ऑर्डरची वाट बघायचा. गेमचं मशीन त्याचं. टीव्ही मात्र माझा, हे मी मुद्दाम सांगतो, कारण इतर कुणी सांगत नाही. तिसरा मडावी, खाणीत डंपर चालवतो. चौथा नित्या, त्याचं शेत गावाबाहेरच, कापूस आणि तूर. रविवारी दुपारी दुकानाचं शटर पडलं की आम्ही चौघं वर.

गेम असा, की एक तलवारवाला गडी उजाड राज्यातून फिरतो आणि दर थोड्या अंतरावर कुणीतरी राक्षसासारखा बॉस रस्ता अडवून उभा असतो. त्याचे दोन घाव बसले की खेळ खलास. पडद्यावर लाल अक्षरांत तुम्ही मेल्याचं जाहीर होतं आणि सुरुवात पुन्हा पायऱ्यांपासून. आमचा नियम एकच होता. मेला की कंट्रोलर पुढच्याला. रडगाणं नाही, 'एक डाव अजून' नाही.

* * *

पहिला बॉस हातात भला मोठा हातोडा घेऊन अर्धवट बांधलेल्या पुलावर उभा होता. त्याचं इंग्रजी नाव कुणाला धड वाचता येईना, म्हणून नित्यानं त्याचं नाव ठेवलं ठेकेदार. पूल काही पुरा होत नव्हता आणि तो काही हलत नव्हता.

मडावी खेळायला बसला की एक गंमत व्हायची. ठेकेदारापर्यंत जायला वळणावळणाचा बोगदा होता. आमच्या गड्याकडं जखमा भरायच्या औषधाच्या मोजक्याच बाटल्या. मडावी बोगद्यातून एकही घाव न खाता पुलावर पोचायचा आणि तिथं पोचल्यावर बघावं तर बाटल्या संपलेल्या.

दोन रविवार आम्हाला कळेना. शेवटी मी पडदा सोडून त्याच्या बोटांकडं बघत बसलो. प्रत्येक वळण आलं की त्याचा अंगठा आपोआप औषधाच्या बटणावर जात होता.

"मडावी, काय करून राह्यला बे?"

त्यानं स्वतःच्या अंगठ्याकडं पाहिलं. बराच वेळ विचार करून म्हणाला, "हॉर्न देऊन राह्यलो."

खाणीत वळणावर हॉर्न दिला नाही तर मेमो मिळतो. त्याची ती सवय शेवटपर्यंत गेली नाही. आम्ही बोगद्यापुरता त्याचा अंगठा रुमालानं बांधायला लागलो.

* * *

ठेकेदाराला शेवटी मारलं नित्यानं आणि तेही चिवडा खाता खाता.

नित्याचा तलवारीवर विश्वास नाही, विषावर आहे. गेममध्ये तलवारीला लावायचं हिरवं विष मिळतं. एकदा घाव बसला की ते शत्रूच्या अंगात भिनतं आणि तुम्ही काही न करता त्याचा जीव हळूहळू उतरत राहतो. आम्हाला ते बायलेपणाचं वाटायचं. नित्याला ते शहाणपणाचं वाटायचं.

त्याची पद्धत मात्र ठरलेली. आधी गड्याच्या तोंडाला फडकं बांधणार, मग विष काढणार. गेममध्ये त्या फडक्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"अबे, थो पडद्यावरला गडी आहे. त्याले काही होत नाई," मी म्हणालो.

"तुले काय माहीत? फवारणी म्हटली का तोंड बांधाच लागते," नित्या म्हणाला. यावर वाद घालायची कुणाची हिंमत झाली नाही. आमच्या भागात फवारणीचं विष भिनून माणसं मेलीत, या विषयावर कुणी थट्टा करत नाही.

तर त्यानं तोंड बांधलं, विष लावलं, ठेकेदाराच्या पोटरीवर एक घाव घातला आणि जो पळाला तो थेट एका खांबामागं. मग कंट्रोलर मांडीवर ठेवून चिवड्याची वाटी उचलली. ठेकेदार त्याला शोधत पुलावर येरझाऱ्या घालत होता. कांदा संपायच्या आत तो आपला आपणच कोसळला.

"जीवच गेला वाटते," नित्या म्हणाला आणि लिंबू मागितलं.

* * *

आता राठोडबद्दल. गेम त्याचा, खोली त्याची, सगळ्यात चांगला हातही त्याचा. तरी आमच्यात एकही बॉस न मारलेला तोच एक होता. मीसुद्धा दोन मारले आणि मला तर घरचे लोक अजून नीट सायकल चालवता येत नाही म्हणतात.

कारण सगळ्यांना माहीत होतं. बॉसचा जीव संपत आला, की राठोड उभा राहायचा. पलंगावर मांडी घालून बसलेला माणूस हळूच गुडघ्यावर यायचा, मग पायावर, मग टीव्हीच्या दिशेनं चालायला लागायचा. उभा राहिला की त्याचं डोकं फिरायचं. ढाल विसरायचा, मागं सरकणं विसरायचा, नुसती तलवार फिरवायचा आणि बॉस त्याला निवांत मारायचा. मग नियमाप्रमाणं कंट्रोलर पुढच्याकडं आणि पुढचा तोच बॉस लोळवायचा. राठोडनं त्याच्या सगळ्या सवयी दाखवून दिलेल्या असायच्या ना.

म्हणून त्याचं खेळणं रंगात आलं की आम्ही तिघं एका सुरात ओरडायचो, "राठोड, खाली बस."

एका रविवारी मडावी भंगारातल्या डंपरचा सीटबेल्ट घेऊन आला. राठोडला खुर्चीत बसवून आम्ही तो कचकचून आवळला. तेव्हाचा बॉस एक रानडुक्कर होतं, धावत येऊन धडक मारणारं. राठोड सुंदर खेळला. डुकराचा जीव इतकासा राहिला आणि राठोड उभा राहिला.

खुर्चीसकट.

खुर्चीचा पाय माझ्या टीव्हीच्या स्टँडला लागला. टीव्ही मी झेलला. डुक्कर नंतर मडावीनं मारलं. राठोड खुर्ची पाठीवर घेऊन तसाच वाकून उभा होता. "थोडक्यात गेला बे," एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा बघून मला त्या दिवशी हसू आलं नाही.

* * *

राठोडच्या आईला आम्हीही याडीच म्हणायचो. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. ती दारापाशी बसून तूर निवडायची आणि मध्येमध्ये पडद्याकडं बघायची.

शेवटचा बॉस एक म्हातारा राजा होता. मोठ्या दालनात, लांबच्या लांब कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला. आपण अगदी जवळ जाईपर्यंत मान वर करत नाही. मडावी पाहताक्षणी म्हणाला, "हा तं आमचा सायेब." नाव तेच पडलं.

साहेबांनी आमचा पार भुगा केला. कितीतरी रविवार गेले. एकदा याडी सूप बाजूला ठेवून म्हणाली, "काहून रे, ह्या बुढ्यानं तुमचं काय बिघडवलं?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. गेमची गोष्ट इंग्रजीत बारीक अक्षरात येत होती आणि ती वाचायचा कंटाळा आम्ही पहिल्याच दिवशी केला होता.

"वाईट आहे थो," नित्या म्हणाला.

"थो तं आपल्या जागी बसला होता. तुमीच गेले. अन् एकट्यावर चौघं जण."

"एका वेळी एकच जातो, याडी," मी बाजू मांडली.

"मंग थकते ना थो बिचारा," याडी म्हणाली.

त्या दिवसापासून साहेब जिंकले की दारापाशी समाधानाचा एक हुंकार ऐकू यायचा. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या लेकाविरुद्ध.

* * *

पावसाळ्याच्या तोंडावर राठोडची ऑर्डर आली. नाशिककडं कुठंतरी, डोंगरातली शाळा. आम्ही पेढे खाल्ले. मग तो म्हणाला, "मशीन इथंच ठेवतो तुमच्यासाठी. पण जायच्या आधी सायेब माह्या हातानं मेला पाह्यजे. एक तरी."

हे त्यानं हसत सांगितलं, पण मस्करी नव्हती. आम्हाला कळलं.

आम्ही तिघांनी एक उद्योग केला. राठोड शिकवण्यांना गेला की आम्ही गपचूप वर जाऊन फुटकळ राक्षस मारत सुटलो. त्यानं आपल्या गड्याची ताकद वाढते. साहेबांच्या दालनाबाहेर, आम्ही टाळून पुढं गेलेला, सरपंच नावाचा एक बॉस शिल्लक होता, एकदा मेला की पुन्हा उठणारा. ठरलं असं, की त्याच्यावर आधी मडावी जाणार, मुद्दाम मरणार आणि मग राठोड येऊन त्याला सहज लोळवणार. एक खातं उघडलं की साहेबांसाठी धीर येईल.

रविवारी मडावी गेला. लगेच मेलो तर संशय येईल म्हणून त्यानं दोनचार घाव घातले. सरपंच पडला. उठला. मडावी घाबरून मरायला पुढं झाला आणि धडपडीत अजून घाव बसले. सरपंच कायमचा पडला.

राठोडनं कंट्रोलर घेऊन गड्याची ताकद तपासली, एकदम वाढलेली. मग आमच्याकडं पाहिलं.

"मले भीक नको बे," तो म्हणाला आणि खाली निघून गेला. आठवडाभर तो दुकानासमोरून मान वळवून जायचा. मला फार वाईट वाटलं. चूक आमची होती, पण प्रेमाची होती, आणि ते त्याला सांगायचं कसं ते एकालाही सुचेना. पुढं बोलायला लागला, पण आमचा शब्द त्याला खरा वाटेना. नित्यानं "चहा गरम आहे" म्हटलं तरी कप हात लावून बघायचा.

* * *

जायचा दिवस आला. एसटी दुपारची. बॅगा दारात, याडीनं भाकरी आणि ठेचा बांधून दिलेला. याडी तूर्त इथंच राहणार होती. बस सुटायला थोडा वेळ होता. राठोड म्हणाला, "एक डाव."

नित्यानं न विचारता कंट्रोलर घेतला, गड्याच्या तोंडाला फडकं बांधलं, तलवारीला विष लावलं आणि कंट्रोलर राठोडच्या हातात दिला. एरवी राठोडनं ते पुसायला लावलं असतं. त्या दिवशी तसंच राहू दिलं.

खरं सांगतो, असा खेळ मी पुन्हा पाहिला नाही. राठोड पलंगावर मांडी घालून बसला होता आणि साहेब त्याला हात लावू शकत नव्हते. याडीचं निवडणं थांबलं. साहेबांचा जीव अर्धा झाला, मग पाव, मग नखाएवढा.

राठोड गुडघ्यावर आला.

"राठोड, खाली बस," आम्ही म्हणालो. तो उभा राहिला.

एक शेवटचा घाव त्यानं घातला आणि साहेबांनी एक घातला. पडदा काळा झाला. लाल अक्षरं आली.

राठोडनं कंट्रोलर मडावीच्या हातात दिला, नियमाप्रमाणं. "चला, बस लागली असन," म्हणाला. स्टँडवर त्यानं सगळ्यांना मिठी मारली, पण नजर दिली नाही. याडी बस वळेपर्यंत हात हलवत राहिली.

याडीला घेऊन परत खोलीत आलो. कुणाला खेळायचं नव्हतं, पण कंट्रोलर मडावीकडं होता आणि नियम नियम असतो. तो पायऱ्या चढला. दालनात शिरला. चालत चालत पार शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेला.

खुर्ची रिकामी होती.

मडावीनं सगळं दालन फिरून पाहिलं, खांबांमागंसुद्धा. मग आम्ही तिघांनी नित्याकडं बघितलं, म्हणजे नित्यानंही स्वतःच्या हातांकडं बघितलं. "राठोड पडल्यावर भिनलं वाटते," तो हळूच म्हणाला.

मी राठोडला फोन लावला. स्पीकर चालू केला.

"राठोड, सायेब मेला. तूच मारला बे."

"गजू, पुन्हा नको," तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "मले भीक नको, सांगतलं ना एकदा." तो फोन ठेवणार तेवढ्यात याडीनं माझ्या हातातून घेतला. पदरानं डोळे पुसले. ते अश्रू लेकासाठी होते की साहेबांसाठी, मी विचारलं नाही.

"बेटा, खरंच गेला रे थो बुढा," याडी म्हणाली. "मी पाह्यलं. खुर्ची खाली आहे."

पलीकडं नुसता बसचा आवाज. मग लांबून, बहुधा कंडक्टरचा, वैतागलेला आवाज आला.

"ओ मास्तर, उभे काहून झाले? बसा खाली, मारेगाव याले टाईम आहे अजून."