बंडीमागचं फूल

माझ्या बाबांना मागचं ऐकू येत नसे. समोर उभं राहून मोठ्याने बोललं तर ते ओठांकडे बघून बरोबर उत्तर देत. मागून हाक मारली तर मात्र आधी बैल मान वळवत, आणि मग बैलांकडे बघून बाबा. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. बहिरा हा शब्द आमच्याकडे शिवीपेक्षा जड होता. बाबा तर म्हणत, "मले सगडं आयकू येते, लोकच आजकाल हळू बोलून राहिले."

आमचं गाव भंडाऱ्याच्या रस्त्यावर, भंडाऱ्याला जाताना अड्याळच्या थोडं अलीकडे. घरचं थोडं धान होतं आणि बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठाला वांग्यांची वाडी. बाजाराच्या दिवशी बाबा उजाडायच्या आधीच बैलबंडी जुंपून अड्याळला निघत. त्या वर्षांत, म्हणजे ऐंशी साल उलटून गेल्यावर, रस्त्यावर ट्रक फार वाढले होते. एका हिवाळ्यात शेजारच्या गावच्या बंडीला मागून ट्रकने उडवलं. बैल गेला. माणूस वाचला, कारण त्याला ट्रकचा आवाज आला आणि त्याने उडी टाकली.

हे ऐकून आमच्या घरात कुणी काही बोललं नाही. मायने बिड्यांचं सूप पुढे ओढलं आणि खाली मान घालून बिड्या वळत बसली. मला तिचा राग आला, बाबांचाही आला, आणि सगळ्यात जास्त त्या गप्प बसण्याचा आला. मी मनाशी ठरवलं की बाबांना ट्रक ऐकू येत नसेल तर ट्रकवाल्याला बाबा दिसले पाहिजेत.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन पहिल्या बसने भंडाऱ्याला टायपिंगच्या क्लासला जात असे. बसस्टँडजवळ गाड्यांच्या नंबरप्लेटा करणारा एकजण बसे. त्याच्याकडे रेडियम मिळायचं. उजेड पडला की चमकणारा प्लास्टिकचा ताव, त्याच्या पाठीला गोंद आणि गोंदावर कागद. मी त्याला म्हटलं, बंडीच्या मागे लावायला मोठा लाल त्रिकोण पाहिजे.

"बंडीले?" तो हसला. "बैलाचा नंबर टाकता का बाई?"

"बैलाले नंबर नसते, पण जीव असते," मी म्हटलं.

त्याचं हसू थांबलं, पण कापून देण्याची त्याची मजुरी काही कमी झाली नाही. ती माझ्या आवाक्याबाहेरची होती. एक मोठा लाल तुकडा आणि जीपच्या प्लेटांमधून उरलेल्या चिंध्या मात्र त्याने स्वस्तात दिल्या. म्हणाला, घरी कापून घ्या.

घरी कापणं म्हणजे काय ते घरी गेल्यावर कळलं. वरचं प्लास्टिक कापलं गेलं पाहिजे आणि खालचा कागद शाबूत राहिला पाहिजे, म्हणजे आकार नीट सुटून येतो. बाबांच्या दाढीच्या ब्लेडने आधी माझं बोट कापलं आणि मग रेडियम. मायची बिडीची पत्ती कापायची कात्री घेतली तर गोंदाने तिची पाती एकमेकांना चिकटली. मायने कात्री हिसकावून घेतली. "हे माह्या पोटाची हाये, तुह्या खेळाची नाई," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. ती कात्री बिघडली तर त्या आठवड्याच्या बिड्या बुडाल्या असत्या.

मला स्वतःचं हत्यार पाहिजे होतं. रविवारी मायसोबत बिड्या वळून माझे थोडे पैसे साठले होते. ते घेऊन मी भंडाऱ्याच्या मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. तिथे कटर दोन जातीचे. एक काचेच्या कपाटात ठेवलेला, लोखंडी अंगाचा, हातात घेतला की वजन कळायचं. दुसरा प्लास्टिकचा, पिवळा, एका डब्यात भाजीसारखा ओतून ठेवलेला. त्यातलं पातं पुढेमागे सरकायचं आणि बोथट झालं की टोकाचा तुकडा मोडून टाकायचा.

मी पिशवीतून रेडियमची चिंधी काढली आणि काउंटरवर ठेवून कापून बघू लागले. लोखंडी कटर सुरेख चालला. कागदाला ओरखडासुद्धा नाही. किंमत विचारली आणि मुकाट्याने परत ठेवला. मग पिवळे. त्यांचं पातं खोबणीत डुगडुगायचं, त्यामुळे रेघ कुठे खोल जायची, कुठे उथळ. मी एक ठेवून दुसरा घ्यायची. मागे गिऱ्हाईकं खोळंबली.

दुकानदार वैतागला. "पोरी, घ्याचा हाये का नुसता पाहाचा हाये?"

"घ्याचा हाये, म्हणून तं पाहून राहिली."

"अवं, कटर सगडे सारखेच असते."

"नसते," मी म्हटलं आणि डब्यात पुन्हा हात घातला. ज्याचं पातं सगळ्यात कमी हलत होतं तो शेवटी सापडला. तो हाती लागेपर्यंत मी काही तिथून हलले नाही. बाहेर आले तेव्हा कान तापले होते, पण कटर माझा होता.

संध्याकाळी मी मायला तो दाखवला. उद्या सकाळी त्रिकोण कापते, परवा बाजार आहे, त्याच्या आत बंडीला लावते, असं सांगितलं. मायने कटर उलटसुलट करून पाहिला आणि ती पानं भिजवायला उठली. तिला माझा बेत पटला होता हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं, आणि फार वाईट रीतीने समजलं.

तेंदूचं पान कोरडं असलं की कापताना फाटतं. म्हणून आदल्या दिवशी ते पाण्यात भिजवतात आणि ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतात. सकाळी नरम झालेलं पान कात्रीखाली लोण्यासारखं चालतं. मायने माझा लाल तुकडा स्वतःच्या पानांसोबत भिजवून, पोत्यात गुंडाळून ठेवला होता. पोतं उलगडून मोठ्या कौतुकाने म्हणाली, "पाय, झालं का नाई नरम? आता काप."

कागदाचा लगदा झाला होता. गोंदात पोत्याचे तंतू, पानाचा चुरा, सगळं रुतून बसलं होतं. मी इतकी ओरडले की गोठ्यातले बैल बिचकले. माय भांबावली. "आमी तं असंच करतो," एवढंच म्हणाली आणि ओल्या हाताने गोंदातले तंतू एकेक करून काढायला लागली. तिचा चेहरा बघून माझा राग कुठच्या कुठे गेला आणि रडू आलं. भंडाऱ्याला जाऊन नवा तुकडा आणायला पैसे उरले नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी बाजार होता.

पिशवीत चिंध्या होत्या. पण कुठलीच हाताच्या पंजाहून मोठी नव्हती, त्रिकोण काही त्यातून निघत नव्हता. मी त्या जमिनीवर मांडून बसले. माय शेजारी येऊन बसली आणि तिने आपला फर्मा माझ्यापुढे सरकवला. फर्मा म्हणजे पत्र्याचा छोटा तुकडा. तो पानावर ठेवून त्याच्या कडेने कात्री फिरवायची, म्हणजे सगळी पानं एका मापाची निघतात.

"याच्यानं काप," ती म्हणाली. "लहान लहान निंगतीन, पन निंगतीन."

मी फर्मा दाबून धरला आणि कडेने कटर ओढला. पातं डुगडुगलंच. मायने कटर माझ्या हातातून घेतला, बिडी बांधायचा दोरा खोबणीपाशी गच्च गुंडाळला, दाताने ओढून गाठ मारली आणि परत दिला. आता पातं हलेना. मी कापत गेले, माय पाकळ्या उचलत गेली. दुपारपर्यंत आम्ही बंडीच्या मागच्या फळीवर लाल-पांढऱ्या पाकळ्यांचं एक फूल चिकटवलं. ते ताटलीएवढंच झालं. मला ते फार लहान वाटत होतं, पण हाती तेवढंच होतं.

बाबा वाडीतून आले आणि बंडीमागे थबकले. फुलावरून बोट फिरवलं.

"हे काय?"

"शोभेसाठी," मी त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं.

"शोभा मांगून काहून? समोरून कायले नाई?"

"समोर तुमचे बैल हायेत की शोभेले."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फुलाकडे. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलं हे मला कळलं होतं. ते फूल खरवडून काढतील म्हणून मी फळीला पाठ लावून उभी राहिले. ते बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीसारखे अंधारात निघाले आणि नंतर मी पहिली बस धरली. धुकं होतं. मी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले होते. अड्याळ यायच्या आत समोर धुक्यात काहीतरी लाल चमकलं.

"थे काय चमकून राहिलं बे?" ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने बस हळू केली. मग बंडी दिसली. त्याने हॉर्न दिला. बंडी रस्त्याच्या मधोमध. पुन्हा हॉर्न, लांबलचक. बाबांची पाठ हललीसुद्धा नाही.

"बहिरा हाये का काय हा मानूस!" ड्रायव्हर ओरडला.

बसमधले दोघेतिघे हसले. मी उठून उभी राहिले. "हो, बहिरे हायेत. माहे बाबा हायेत. जरा बाजूनं घ्या, दादा."

तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा मी तोंडाने उच्चारला. ड्रायव्हरने मागे वळून एकदा माझ्याकडे पाहिलं, मग एका बाजूची चाकं रस्त्याच्या खाली उतरवून बस अगदी हळू बंडीच्या बाजूने काढली. बस शेजारी आल्यावर बाबा दचकले. खिडकीतून मी त्यांना पाहिलं, त्यांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा इतका घाबरलेला मी कधीच पाहिला नव्हता. भंडाऱ्याला त्या दिवशी माझी बोटं टाइपरायटरवर नीट पडली नाहीत.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. माय बिड्या वळत होती. त्यांनी मला हाताने समोर बसवलं, ओठ दिसतील असं. मग खिशातून लाल रेडियमची गुंडाळी काढून माझ्यापुढे ठेवली. अड्याळला सायकल दुरुस्तीवाल्याकडून आणली होती.

"मोटर मांगून कवा आली, मले समजलंच नाई," ते म्हणाले. मायचे हात थांबले. "थे फूल लहान हाये. मोठं करून दे."

मी कटर आणायला आत गेले. माय मागून ओरडली, "अन् थो ताव पान्यापासून दूर ठेव!"