शब्दन् शब्द टिपणारी मार्लीस

अमेरिकेत मोठ्या सरोवराकाठी वसलेल्या आमच्या डुलुथच्या कोर्टात मार्लीस कोस्की सव्वीस वर्षे स्टेनो होती. साक्षीदार रडो, वकील भांडोत, तिची बोटे लघुलिपीच्या त्या छोट्या यंत्रावर थांबत नसत. मारामाऱ्या, घटस्फोट, सरोवरात बुडालेल्या बोटींचे दावे, सगळे तिच्या कानांतून शिरून बोटांतून बाहेर पडले. आज काय झालं कोर्टात, असे मी संध्याकाळी विचारायचे. ती म्हणायची, "काय माहीत. मी फक्त लिहून घेते."

मी तिच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. माझे आयुष्य रंगभूमीवर गेले, गावोगावच्या उन्हाळी नाटक कंपन्यांत राण्या आणि विधवा रंगवण्यात. त्यामुळे शेजारणींच्या घरात नाट्य शोधायची खोड आहे. पण पन्नाशी उलटल्यावर मार्लीसने जे केले, ते मला कधी सुचले नसते. कोर्टात स्टेनोच्या जागी रेकॉर्डिंग आले आणि ही बाई नर्सिंगच्या वर्गात जाऊन बसली. इतकी वर्षे लोकांचे दुखणे नुसते ऐकले, आता त्याला हात लावायचाय, एवढेच तिचे म्हणणे.

तिने लॅपटॉप उघडला आणि लगेच वर्गाची लाडकी झाली. शिकवणाऱ्या बाईंचा प्रत्येक शब्द तिच्या टिपणात उतरे. 'बाई खोकतात', 'फळा पुसला जातो', हेसुद्धा. विशीतली मुले ती टिपणे मागून नेत. औषधशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत त्यांच्या जोरावर अख्खा वर्ग पास झाला. नापास एकटी मार्लीस. पुन्हा नापास झाली तर नाव कमी होणार, असा तिथला नियम.

"पूर्ण वाचलं होतंस ना?" मी विचारले.

"दोनदा. दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकतेय असं वाटलं."

तेव्हा मला तिचे दुखणे कळले: शब्द कानांतून थेट बोटांत जात, डोक्यात थांबतच नसत. छापील संहिता हातात असली तरी आम्ही नट नवी भूमिका हाताने उतरवून घ्यायचो. आपली वाक्ये पूर्ण, समोरच्याचे फक्त शेवटचे दोन-तीन शब्द. हात दुखे, कंटाळा येई आणि तेवढ्यात निम्मे पाठ झालेले असे. मी तिचा लॅपटॉप ताब्यात घेतला, तिला पेन दिले, स्वयंपाकघरात बसवले आणि तिचेच टिपण वाचायला घेतले. वाचायला कसले, खोकल्यासकट सादरच केले. अट एकच: मी बोलत असताना पेन खाली. मी थांबले की लिहायचे, तेही स्वतःच्या शब्दांत.

मी बोलत होते तेव्हा टेबलाखाली तिची बोटे मांडीवर चालत होती. लिहायची वेळ आली तेव्हा मात्र ती नुसती पेन धरून बसली.

"हे नाही जमायचं मला. साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घातले तर नोकरी जाते."

"अगं, परीक्षेत साक्ष द्यायला बाई येणारेत का? तुलाच उभं करणार ना?"

तिने माझ्याकडे रागाने पाहिले. मग कागदावर झुकली. हृदय अशक्त झाले की पायांवर सूज का येते, ते मी वाचून दाखवले होते. तिने लिहिले: तळघरातला पंप म्हातारा झाला, पाणी उपसत नाही, खाली तुंबत चाललंय. बर्फ वितळून तळघरांत पाणी शिरू लागले की आमच्याकडे घरोघरी हीच रड असते. लिहून झाल्यावर ती स्वतःच हसली.

वर्गात ती लॅपटॉपऐवजी वही नेऊ लागली, आयती टिपणे बंद झाली आणि मुले बिथरली. केल्सी नावाची मुलगी तोंडावरच म्हणाली, "मार्लीस, तू आमचा काही विचारच करत नाहीस." ते तिला लागले. जेवणाच्या सुट्टीत तिच्याभोवती टेबल भरायचे, ते तिला फार आवडायचे. दुसऱ्या दिवशी तिने केल्सीला वहीचे पान देऊन पाहिले. केल्सीने ते उलटसुलट केले, यात तळघर कुठून आलं म्हणून विचारले आणि परत दिले. हळूहळू ते टेबल रिकामे झाले. लॅपटॉप परत नेऊ का, असे मार्लीसने मला एकदा विचारले. ती डबा एकटीच खात राहिली, पण वही सोडली नाही.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मी जिन्यातच बसून होते; निकाल तिथल्या तिथे कळणार होता. ती आली आणि कोट न काढता, उभ्याउभ्याच निकाल सांगितला. पास. काठावर, पण पास. मी सवयीने टाळ्या वाजवल्या आणि काय काय विचारलं, ते सांग म्हटले.

तिने तोंड उघडले आणि थबकली.

"प्रश्नाचे शब्द नाही गं आठवत," ती म्हणाली, जरा घाबरूनच. मग माझ्या शेजारी पायरीवर बसली. "एक म्हातारा होता. पाय सुजलेले. हृदयाची गोळी द्यायच्या आधी मी त्याची नाडी बघितली. फार मंद होती, त्या गोळीने आणखी मंदावली असती. मी नाही दिली गोळी."