शिट्टीआत्याच्या वाटचं तूप

आत्या दारात येण्याआधी तिची छाती यायची. गल्लीच्या तोंडाशीच तिच्या दम्याची बारीक शिट्टी ऐकू आली की मी चहाचं आधण ठेवायचे. सगळं धर्माबाद तिला शिट्टीआत्या म्हणायचं, पण ती कधी रागावली नाही. "बरं हाय की, दार वाजवायचं काम न्हाई," म्हणायची.

माझी आई मी लहान असतानाच गेली. वडिलांच्या या विधवा बहिणीनं मला वाढवलं, अडतीवर मिरच्यांची देठं खुडून. हात लाल, डोळे लाल, आणि जीभ तर विचारूच नका! माझ्या लग्नात लातूरच्या पाहुण्यांसमोर तिनं सासूबाईंना ठणकावलं, "ईहीनबाई, पहिलं बाळंतपण मीच करणार. सांगून ठेवायलेय."

दमा वाढला तसं मी तिला नांदेडला नेलं. डॉक्टरांनी जीव तोडून समजावलं. मिरचीची धूळ गेली की श्वासनळीतल्या पेशी स्वतःच्याच चरबीपासून काही रेणू तयार करतात, ल्युकोट्रायीन म्हणतात त्यांना. ते नळी सुजवतात, आवळतात. ही गोळी त्यांनाच अडवते. "बरं वाटलं तरी गोळी आणि हा तोंडानं ओढायचा पंप सोडायचा नाही, मावशी."

आत्यानं त्यातला एकच शब्द पदराला बांधला. चरबी! घरी येताच तूप बंद. वरणावर धार नसली तर जिला जेवण जायचं नाही, ती कोरडी भाकरी मोडू लागली. मी फोनवर ओरडायचे, "अगं, खायच्या तुपाचा काही संबंध नाही. गोळी घेतेस ना?"

"हाव गं, घ्यायलेय. तू तुझं बघ."

घरच्या म्हशीचं तूप. तिच्या वाटचं ती बरणीत साठवू लागली. "तुझ्या लाडवाला व्हील," म्हणाली.

पावसाळ्यात मिरचीचं काम नसतं. शिट्टी थांबली. आत्याला वाटलं, तूप सोडलं म्हणूनच. त्यातच मला दिवस गेले, आणि तिला आभाळ ठेंगणं झालं. गोळ्या तिनं केव्हाच फडताळात सारल्या होत्या. पंपाला तर, लोक बघतात म्हणून, हातही लावत नव्हती. हे सगळं मला नंतर कळलं.

नवी मिरची आली. देठं खुडता खुडताच तिला धाप लागली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझी आई दुसऱ्यांदा गेली.

बाळंतपण लातूरला झालं. वडील बरणी छातीशी धरून आले. सासूबाईंनी त्याच तुपात डिंकाचे लाडू वळले. काय रवाळ तूप होतं! लेक मांडीवर झोपली होती. लाडू तोंडाजवळ नेला आणि मला हुंदका आवरेना.

आत्या, तूप खाल्लं असतंस तरी चाललं असतं गं. गोळी तेवढी खायची होतीस.