आभाळात ‘बस’ म्हणणारे खंदारे सर

खंदारे सरांची माझी पहिली भेट लढाऊ विमानांच्या तळावर झाली. मी नवखा वैमानिक, ते प्रशिक्षक. माझं बोलणं ऐकताच त्यांनी विचारलं, “कोन्या गावचा रे?”

“कुंभार पिंपळगाव, सर.”

“मंग आपल्याच जिल्ह्यातला की! मी मस्तगडचा. एक ध्यानात ठेव, आभाळात ‘बस’ म्हणायला लाजायचं न्हाई.”

हवाई लढतीच्या सरावात दोन विमानं एकमेकांच्या पाठी लागतात. कोणीही ‘थांबा’ म्हटलं की लढत थांबवायची, असा नियम. पण ‘थांबा’ म्हणणाऱ्याची संध्याकाळी सगळ्यांसमोर टिंगल व्हायची. त्या टिंगलीच्या धाकानं तरणीताठी पोरं जिवानिशी गेली आहेत. सर संतापून म्हणत, “सरावातली गोळी खोटी असती, जमीन बराबर खरी असती!”

एकदा सरांच्या विमानाचा पाठलाग करताना मी जोरकस वळण घेतलं. अशा वळणात डोक्यातलं रक्त पायांकडे उतरतं. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि विमान खाली झेपावलं. सरांनी नियमाप्रमाणे इंग्रजीत थांबायला सांगितलं, ते माझ्यापर्यंत पोचलंच नाही. मग रेडिओवर सर गरजले, “अय पिंपळगाव! बस कर! वर घे, जल्दी!”

गावाचं नाव ऐकून मी भानावर आलो. विमान वर घेतलं तेव्हा शेतातली बैलजोडी स्पष्ट दिसत होती.

याचं सरांना बक्षीस काय? रेडिओवर गावठी बोलल्याबद्दल ताकीद! सरावाची किमान उंची वाढवा, असा हट्ट त्यांनी वरिष्ठांकडे धरला, तर त्यांनाच भित्रे ठरवून टेबलाशी बसवण्यात आलं. सरांनी पुन्हा लढाऊ विमान चालवलं नाही. ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि आता त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरव अंकासाठी लिहायला बसलो, तर आपल्याच गौरव समितीतले एक सदस्य मला सांगतात, “सरांनी शत्रूची विमानं किती पाडली, तेवढं लिहा. ते ‘बस’चं राहू द्या, बरं दिसत न्हाई.”

का बरं दिसत नाही? अहो, सरांनी एकही विमान पाडलं नाही. आमची पडू दिली नाहीत! हा लेख लिहायला मी जिवंत आहे, तो त्या न शोभणाऱ्या शब्दामुळे. छापायचं तर हे छापा, नाहीतर माझं नाव गाळा.

सर, आपली प्रकृती अशीच ठणठणीत राहो, आपल्या शंभरीलाही लेख मीच लिहो. आयुष्याला मात्र ‘बस’ बिलकुल म्हणायचं न्हाई. एवढा एक हुकूम या वेळी पिंपळगावचा.