परमुलखातलं भरीत

आमच्या चाकण पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी बहुतेक करून गुरुवारी असते. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे कितीदाही सांगा, ते रविवारीच येतात, घरधनी कामावर गेलेला बघतात आणि माझ्याशी गप्पा मारून परत जातात. माझी काही तक्रार नाही.

तर आमचा भरताचा कार्यक्रमही गुरुवारीच. थंडी पडली की मार्गशीर्ष येतो, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी बायकांचा उपास, घरात लक्ष्मीचा घट मांडलेला. म्हणजे पुरुषांना ज्या दिवशी सुट्टी, नेमक्या त्याच दिवशी आम्ही उपाशी. वांगी आम्ही भाजायची, सोलायची, लाकडाच्या खोलगट बडगीत मुसळीनं ठेचायची, कांद्याची पात, लसूण, शेंगदाणे घालून फोडणी द्यायची, आणि चव मात्र पुरुषांनी सांगायची. पुरुष म्हणतात, फर्मास झालंय. भूक लागलेल्या पुरुषाला दुसरं काही म्हणता येत नाही. आम्ही खातो संध्याकाळी, पूजा आणि पोथी आटोपल्यावर, गार झालेलं.

आम्ही मूळचे जळगावकडचे. यांना इथे कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही चाकणच्या पुढच्या एका गावात भाड्यानं राहायला आलो, ते आजतागायत. घरमालकिणीला आम्ही आक्का म्हणतो. तिचं शेत पूर्वी पार ओढ्यापर्यंत होतं. आता दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये एक तुकडा उरलाय. त्यात ती कांदा लावते, थोडी ज्वारी, आणि बांधाला तूर. एका भिंतीमागे रात्रंदिवस काहीतरी ठोकत असतात, दुसरीमागे काय चालतं ते कुणालाच माहीत नाही. आक्का म्हणते, तिथं भूत कामाला जातं.

आमच्याकडची बाकीची मंडळी चिखलीला, काळेवाडीला, पिंपळे गुरवला अशी विखुरलेली. हिवाळ्यात ती सगळी आमच्याकडे जमतात. माझ्यावरच्या प्रेमानं जमतात असं मी समजत होते, पण खरं कारण म्हणजे जाळ करायला जागा आमच्याकडेच आहे. फ्लॅटमध्ये वांगं गॅसवर भाजतात. त्याला आमच्याकडे भरीत म्हणत नाहीत, भाजलेलं वांगं म्हणतात.

वांगी गावाहून येत, पण जाळ मात्र इथला. तिकडे भरीत भाजतात कपाशीच्या वाळक्या काड्यांवर. इकडे कपाशी नाही, म्हणून आक्काच्या बांधावरच्या तुरीच्या वाळक्या काड्या, तुरकाट्या. मग दरवर्षी जेवताना एकदा तरी कुणीतरी म्हणायचंच, "चव आहे, पण ती चव नाही." बहुतेक वेळा ते मीच म्हणायचे, तेही खायच्या आधी. त्यावर आक्का म्हणायची, "दर साली त्येच बोलता आन् टोपलं पुसून खाता."

यंदा हे रिटायर झाले. धाकट्या दिरांनी गावाकडच्या घराची वरची खोली रंगवून घेतली आणि फोन केला. यांनी दिवाळीपासूनच सांगायला सुरुवात केली, की संक्रांत आता गावाला. मला जायचं नव्हतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि विचारण्यासारखं काही होतं असं कुणाला वाटलंही नाही. इतकी वर्षं 'आपल्याकडे, आपल्याकडे' करत आले ती मीच. आता कुठल्या तोंडानं सांगणार, की तिकडे मी मोठी वहिनी आहे, सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या मागून जेवणारी, आणि इथे मी 'जळगावच्या ताई' आहे? इथे आक्का बाजाराला निघाली की दारातून हाक मारते. मी पिशवी घेते आणि जाते. कुणाला सांगून जावं लागत नाही.

भरताच्या आदल्या दिवशी दीर आले. वांग्यांचं पोतं तर होतंच, वर कपाशीच्या काड्यांचा हा एवढा भारा.

"ट्रॅव्हल्सवाला टपावर घेईना," ते सांगत होते. "म्हणे, हे काय? म्हटलं, सरपण. तर म्हणे, काका, पुण्यात गॅस भेटत नाही का?"

"अहो पण भाऊजी, एवढं कशाला?"

"मग? तुम्ही दरवर्षी फोनवर रडू राहता ना वहिनी, काड्या नाहीत, काड्या नाहीत. म्हटलं, इथलं शेवटचं भरीत आहे, कसर नको राहायला."

हे खुशीत होते. काड्या त्यांनी रात्री दवानं ओल्या होऊ नयेत म्हणून घरात घेतल्या आणि आमच्या पलंगाखाली सारल्या.

गुरुवारी सगळे जमले. काड्या पेटल्या, वांगी भाजली, आम्ही उपाशीपोटी ठेचली. पुरुष पंगतीला बसले. यांनी जाहीर केलं, की पुढच्या थंडीत सगळ्यांनी आमच्या गावाला यायचं. चिखलीचे भाऊ म्हणाले, वा, मस्त, आणि कुणाचा चेहरा फारसा मस्त झाला नाही. मग यांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. दीर बघतच होते.

"कसं झालंय दादा?"

"चांगलंय की."

यांनी तिसरा घास घेतला. मग हे म्हणाले, "धूर जरा वेगळा लागतो, नाही?"

"वेगळा? दादा, हाच तर तो धूर!"

"हो हो. तोच आहे."

चिखलीचे भाऊ सरळ माणूस. ते म्हणाले, "मागच्या वर्षीचं जरा..." आणि त्यांच्या बायकोनं माझ्या शेजारून त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढचं वाक्य त्यांनी पुरीबरोबर गिळलं.

सगळ्यांची दुसरी वाढणी झाली, तरी बडगीत भरीत उरलं. असं आजवर झालं नव्हतं. हे उठले, पोत्यातली दोन वांगी काढली आणि बांधाकडे गेले. "आक्का, चार तुरकाट्या घेऊ का?"

आक्का खुरपं घेऊन बसली होती. "घ्या की. पर जायाचं हाय न्हवं तुमाला? मंग आता त्या धुराची सवय करा. हितल्या काट्या काय तुमच्या मागं येत न्हाईत."

दिरांचा चेहरा उतरला. टपावर भारा बांधून एवढ्या लांबून आलेला माणूस. मला त्यांचं वाईट वाटत होतं आणि भूकही लागली होती. उपाशी माणसाला शब्द फिरवून बोलायला जमत नाही.

"भाऊजी," मी म्हटलं, "मी येणार नाही."

"कुठे?" यांनी बांधावरून विचारलं.

"गावाला."

"भरताला?"

"राहायला. भरताला येईन."

हे तुरकाट्या हातात घेऊन तसेच उभे. "अगं, इतकी वर्षं तूच तर म्हणत होतीस, आपल्याकडे असं, आपल्याकडे तसं..."

"ते भरताबद्दल म्हणत होते. घराबद्दल कधी म्हटलं?"

यांनी आठवून पाहिलं. आठवेना.

"मग मी काय करू?"

"तुम्ही जा ना. खोली रंगवलीय त्यांनी. मी थंडीत पाहुणी म्हणून येत जाईन, चार दिवस राहीन."

"वहिनी, लोक काय म्हणतील?" दीर म्हणाले.

आक्का मध्ये पडली. "काय म्हंत्यात? मानूस गावाला गेलंय म्हंत्यात. जाऊ द्या त्यास्नी. जाऊन आलं की डोकं जाग्याव येतं."

यांनी ती दोन वांगी भाजली, एकट्यानंच. कुणाला विचारलं नाही, की तुला हवंय का.

संध्याकाळी पूजा झाल्यावर मी कपाशीच्या काड्यांवरचं भरीत खाल्लं. तीच चव होती, लहानपणची, आईच्या हातची. मला रडू यायला हवं होतं. मीठ कमी होतं.

हे दिरांबरोबर खरंच गेले. मी डबा दिला, स्वेटर दिला, भांडण काही केलं नाही. पहिले काही दिवस घर मोठं मोठं वाटलं. आक्का रोज येऊन विचारायची, "आला का फोन?" मी म्हणायचे, आला. "काय म्हनत्यात?" म्हणायचे, थंडी फार आहे म्हणतात. फोनवर खरंच ते तेवढंच सांगायचे.

संक्रांत दोन दिवसांवर आली तेव्हा एका दुपारी हे दारात उभे. पिशवी खाली ठेवली, हातपाय धुतले, कॉटवर बसले. मी चहा ठेवला. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. पाराजवळ बसलं की पोरं उठून जागा देतात आणि 'या, पुणेवाले' म्हणतात. बरोबरीचे दोघंतिघं उरलेत, त्यातल्या एकाला ऐकू येत नाही. बाकीचे ज्या गोष्टींवर हसतात त्या यांच्या मागं घडलेल्या.

"आणि खोली?" मी विचारलं.

"चांगली रंगवलीय. पिस्ता कलर. खिडकीतून शेत दिसतं." मग म्हणाले, "धाकट्याला खताची पोती ठेवायला जागा नव्हती. मीच म्हटलं, वर ठेव."

"किती पोती?"

"आता खोली भरली."

"बरं केलंत," मी म्हटलं. या विषयावर आमचं बोलणं झालं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी ते आक्काच्या कांद्याला पाणी द्यायला गेले. आता येताजाता कुणी विचारतंच, काका, तुम्ही कायमचे गावाला जाणार होतात ना? हे फावड्यानं वाफ्यांची दारं मोडत, पाणी वळवत, मान वर न करता सांगतात, "गेलो होतो की."