पेट्रोलच्या टाकीला ओलं पोतं

मित्रहो, आज दुपारी परंड्याजवळच्या तलावात आमची मोटारबोट मध्येच बंद पडली. बोटीत मी होतो आणि पलीकडच्या गावी अडलेल्या बाईकडं निघालेली सुईण.

नावाडी रशीदभाईंनी टाकीवरचं ओलं पोतं काढलं. टाकी खालून गंजून पेट्रोलात पाणी शिरलं होतं.

"पोतं कशाला?"

"तेल थंड ऱ्हावं म्हणून, शास्त्रीबुवा. घरी रांजणाला गुंडाळतो की."

सुईण कडाडली, "रांजणाखाली तिवई असती, ती कुठं हाय? टाकी पोत्यातनं गळलेल्या पाण्यातच बसवलीय!"

रशीदभाई एका वल्ह्यानं वल्हवू लागले. दुसरं वल्हं मी घेतलं. बोट गोल फिरल्यावर सुईणीनं ते काढून घेतलं.

आम्ही वेळेवर पोचलो. मायलेकरू सुखरूप आहेत.

पोतं गेलं, उद्या तिवई येईल. तुमच्याकडं कुठल्या यंत्रावर असा अर्धा घरगुती उपचार चाललाय?